विहीणबाईंचा हेरफर्डशायर

हेरफर्ड, २४ मे २००४

सौ. चतुराबाई विहीणबाई यांस सावित्रीबाईंचा नमस्कार.

पोहोचल्याचं पत्र तीन आठवडे उशिरा लिहिते आहे. माफी मागत नाही, कारण लिहिण्यासारखं काही दिसलंच नाही. आमच्या ज्ञानेशने "आई, इंग्लंडला ये" म्हटलं आणि मी साऱ्या नाशिक रोडला सांगून निघाले की राणीचा वाडा बघून येते. विमानतळावरून गाडी निघाली ती लंडनकडे पाठ करूनच. तीन तास नुसती शेतं, शेतांत मेंढ्या आणि मेंढ्यांवर पाऊस. एका ठिकाणी गाडी थांबली. मला वाटलं चहाला थांबलो. तर म्हणे, हेच घर.

या जिल्ह्याचं नाव हेरफर्डशायर. इंग्लंडच्या पार पश्चिमेला, वेल्सला टेकून पडलेला आहे. तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, पण या जिल्ह्याचं नाव एकदाही घेतलं नाही, आणि आता बघून खात्री पटली की मुलांचं काही नुकसान झालं नाही. इथल्या गाई तांबड्या अंगाच्या आणि पांढऱ्या तोंडाच्या. जगात प्रसिद्ध आहेत म्हणे. पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारख्या दिसतात.

परवा इथलं मोठं चर्च पाहिलं. तिथल्या ग्रंथालयात पुस्तकांना साखळदंड घातलेले आहेत. एकेक पुस्तक कैद्यासारखं फळीला जखडलेलं. आणि एक नकाशा आहे, सातशे वर्षांपूर्वीचा, अख्ख्या वासराच्या कातड्यावर काढलेला. त्यात वरती उत्तर नाही, पूर्व! माझ्या वर्गात कुणी असा काढला असता तर त्याला अंगठे धरून उभा केला असता. हिंदुस्थान सगळ्यात वर टांगलाय, आणि आपल्या देशात काय दाखवलंय म्हणाल? एका पायाची माणसं. एकच मोठी तंगडी, ती डोक्यावर धरून ऊन अडवतायत. मी तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला सांगितलं, मी हिंदुस्थानातून आले आहे, मोजून घ्या, दोन आहेत. तो हसला आणि मला बसायला खुर्ची दिली. दोन तास बसून मी त्या नकाशातल्या सत्तावीस चुका काढल्या.

सोबत चर्चच्या दारातला माझा फोटो आहे. ज्ञानेशला कामाचा फार ताण आहे. मनीषा बरी आहे.

आपली,
सावित्रीबाई


मखमलाबाद, ९ जून २००४

विहीणबाईंना चतुराबाईचा रामराम.

पत्र मिळालं. मनीषाच्या बापानं दोनदा वाचलं अन् म्हणाला, बाई लिहिते मात्र झ्याक. मी म्हटलं, लिहिल नाय तर काय करील, हाताला दुसरं काम हाय कुठं?

पुस्तकांना साखळदंड घालतात म्हणता. आमच्याकडं बैलाला दावं लागतं. पुस्तक कुठं पळून जातंय? ज्या गावात पुस्तकं बांधून ठेवावी लागतात तिथली माणसं कशी असतील ते मला इथं बसून कळलं. अन् त्या नकाशेवाल्यानं तुम्हाला आधी बघितलं असतं ना, तर एका पायाची माणसं काढलीच नसती. जिभेनं ऊन अडवणारी बाई काढली असती.

तुम्ही लंडन लंडन करत गेल्या अन् मेंढरांत जाऊन पडल्या. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. आम्ही आपले रोज मार्केट यार्डात मेथीच्या जुड्या अन् झेंडूची क्रेटं घेऊन जातो, कुणाला सांगत नाय की इंग्लंडला चाललो.

आता कामाचं. फोटो मी भिंग लावून बघितला. तुम्ही हाय, तुमची पर्स हाय, दारावरची दगडाची माणसं हाय. माझी पोर कुठं हाय? रविवारी फोन येतो तर पोर "बरी आहे, बरी आहे" म्हणते अन् तेवढ्यात कार्ड संपतं. आवाज बरा नाय तिचा. आई हाय मी, मला कळतं. तुम्ही पत्रात गाईवर चार ओळी लिहिल्या अन् मनीषावर दोन शब्द. पुढच्या फोटोत पोर दिसली पाहिजे.

धाकट्या मंजुषाचं जमत आलंय. पिंपळगावचं स्थळ हाय. दिवाळीनंतर साखरपुडा करू म्हणतात.

चतुराबाई


हेरफर्ड, २६ जून २००४

सौ. चतुराबाई विहीणबाई यांस नमस्कार.

तुमचं पत्र वाचून करमणूक झाली. शुद्धलेखनासाठी दहापैकी तीन गुण.

या पंधरवड्यात तीन ठिकाणं पाहिली. पेंब्रिज नावाच्या गावात घरं काळ्या लाकडाची आणि पांढऱ्या भिंतींची, पाचशे वर्षांपूर्वीची, आणि एकही घर सरळ उभं नाही. एक डावीकडे झुकलंय, दुसरं उजवीकडे. आपल्याकडे असलं घर दिसलं की महापालिका नोटीस लावते. इथे परदेशातून लोक येऊन त्याच्यासमोर आईस्क्रीम खातात. तिथल्या चर्चचा घंटेचा मनोरा चर्चपासून वेगळा, अंगणात एकटाच उभा आहे. बहुतेक दोघांचं पटलं नसावं.

किलपेक म्हणून एक वाडी आहे. तिथे छोटं चर्च, आणि वळचणीला सगळीकडे दगडात कोरलेली तोंडं. एक कुत्रा आणि एक ससा शेजारी शेजारी बसलेत, फार गोड आहेत, एवढं मान्य करते. आणि पलीकडे एक उघडीनागडी बाई, काय करते आहे ते मी लिहिणार नाही. देवाच्या घरावर! मी म्हटलं, हे लोक आम्हाला शिकवायला आले होते. नंतर सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळावरची शिल्पं आठवली आणि मी गप्प बसले.

तिसरं म्हणजे सफरचंदांच्या बागा. झाडं भरून सफरचंद, आणि एकही खायच्या लायकीचं नाही. कच्चं तोडून चाखलं तर दात आंबले. म्हणे, ही खायची नसतात, यांची दारू करतात. दारूसाठी एवढा अख्खा जिल्हा राखून ठेवलाय. स्ट्रॉबेरीवर मैलमैल प्लॅस्टिक अंथरलंय, लांबून तळं वाटतं.

मनीषाबद्दल विचारलंत. तिला तिची कामं असतात. फोटोत कोण असावं हे फोटो काढणारा ठरवतो, बघणारा नाही. सोबत पेंब्रिजचे दोन आणि किलपेकचे दोन फोटो पाठवते. चारही फोटोंत मीच आहे, भिंग लावायची तसदी घेऊ नये.

सावित्रीबाई


मखमलाबाद, १४ जुलै २००४

विहीणबाई,

रामराम घालायची आज इच्छा नाय.

पाच फोटो झाले. पाचही फोटोंत तुम्ही. डोक्याला रुमाल, डोळ्याला गॉगल, हातात आईस्क्रीम. माझी पोर एकात बी नाय. आता मला सगळं उमगलं. सासूबाई जिल्हा पाहायला हिंडतात अन् सून घरी भांडी घासते, कपडे बडवते, सासू येईपर्यंत पोळ्या लाटून ठेवते. "तिला तिची कामं असतात." वा! तुमची कामं कुणाला असतात ते आम्हाला ठाऊक हाय.

तुमचा स्वभाव मला लग्नातच कळला होता. पाय धुवायला आम्ही पितळी परात आणली तर चांदीचं ताट नाय म्हणून तुम्ही दीड तास खोलीत रुसून बसल्या. अख्खी पंगत ताटकळली, वरण गार झालं. विहिणीचा मान म्हणून मी गप्प बसले. आता बसणार नाय.

काल मी मुद्दाम नाशिक रोडला तुमच्या कॉलनीत गेले होते. भजनी मंडळाच्या अक्काबाईला सांगितलं, अन् तिच्या ओटीवर बसलेल्या सात बायकांना बी सांगितलं: सावित्रीबाई माझ्या पोरीला मोलकरणीसारखी राबवते अन् आपण मडमेसारखी फिरते. सगळ्यांनी ऐकलं. कुणाला बी खोटं वाटलं नाय. ह्यावरनं तुम्हीच काय ते समजा.

चतुराबाई


मखमलाबाद, २० ऑगस्ट २००४

विहीणबाई,

पाच आठवडे झाले, तुमचं उत्तर नाय. म्हणजे माझं खरं हाय. खोटं असतं तर तुम्ही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हता.

अक्काबाई म्हणते, पुढल्या वर्षी पेटी वाजवायला तुमच्याऐवजी दुसरी बाई बघावी काय असं मंडळात चाललंय. चांगलंच हाय. रविवारी मी मनीषाला फोनवर विचारलं, तुला सासू जाच करते का, तर पोर रडायला लागली अन् फोन ठेवून दिला. ह्याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे?

आता मी ज्ञानेशरावांना सरळ त्यांच्या कंपनीत फोन लावणार हाय. जावई भला माणूस हाय. आईपुढं बोलत नसेल. महिनाभरात मला खरं कळलं नाय तर फोन गेला म्हणून समजा.

चतुराबाई


हेरफर्ड, ४ सप्टेंबर २००४

चतुराबाई,

कंपनीत फोन लावू नका. ज्ञानेश तिथे नाही. तो इथेही नाही.

हे पत्र मनीषा माझ्याकडून लिहवून घेते आहे. तुमचं शेवटचं पत्र तिने वाचलं आणि माझ्यासमोर कागद ठेवला. म्हणाली, आई, तुम्ही लिहिता की मी लिहू?

ज्ञानेशने मला इंग्लंड दाखवायला बोलावलंच नव्हतं. मी आले त्याच्या नवव्या दिवशी त्याने मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "आई, माझं दुसरीकडे जमलंय. बर्मिंगहॅमला. मनीषाला तू परत घेऊन जा. तुझं ऐकेल ती." मनीषा तिथेच ओट्याशी उभी होती. तव्यावर पोळी होती. ती तिने उलटली, भाजली, माझ्या ताटात वाढली. संध्याकाळी तो बॅग घेऊन निघून गेला. मला सहा महिन्यांसाठी बोलावलं होतं ते सामान परत न्यायला, हे मला तेव्हा समजलं.

मी त्याला म्हटलं, मी हमाल नाही. ते त्याने ऐकलं की नाही कोण जाणे, टॅक्सी तोवर वळली होती.

दोन दिवस दोघी आपापल्या खोलीत रडलो. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, मी इतक्या लांब रडायला आलेली नाही, गाडी काढ आणि काय असेल ते दाखव. तिलाही इथलं काही माहीत नव्हतं. त्याने दोन वर्षांत तिला बाजारापलीकडे कुठे नेलंच नव्हतं. पेट्रोल पंपावर "जिल्ह्यातली प्रेक्षणीय स्थळं" असं एक फुकटचं पुस्तक होतं. ते उचललं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. गाडी ती चालवते. फोटो ती काढते. म्हणून ती फोटोत नाही.

चतुराबाई, लग्न ठरताना मी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मुलगी पहाटे भाजीचा टेम्पो घेऊन यार्डात जाते हे आमच्या नातेवाइकांत बोलू नका. मला लाज वाटली होती. आता त्याच टेम्पोवालीच्या शेजारी बसून मी दीडशे गावं पाहिली आणि या लोकांच्या बोळाएवढ्या रस्त्यांवर तिने एकदाही आरसा घासला नाही. ही गोष्ट मी तुम्हाला लिहू शकले असते. लिहवली नाही.

सुरुवातीला गाडी चालवताना ती रडायची. डोळ्यांत पाणी असलं तर रस्ता कसा दिसणार, म्हणून मी समोर येईल त्याला नावं ठेवायला लागले. नकाशाला, गाईंना, त्या वाकड्या घरांना. पेंब्रिजच्या मनोऱ्याचं चर्चशी पटलं नसेल असं मी म्हटलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. त्या दिवसापासून माझी जीभ थांबली नाही. तिचेच फटकारे तुम्हाला पत्रांत बसले.

तुम्ही पाच फोटोंत तुमची लेक शोधलीत. माझा लेकही एकात नव्हता, ते तुमच्या ध्यानात आलं नाही. जावई भला माणूस, म्हणता.

तुम्हाला का नाही कळवलं? कारण बाईला नवऱ्याने सोडली म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "तिचं काय चुकलं?" दुसऱ्या कुणाची सून असती तर तो प्रश्न मीच विचारला असता. विचारलेला आहे, आमच्याच कॉलनीत, एका मुलीबद्दल. सासू जाच करते ही बदनामी मला चालण्यासारखी होती, कारण ती माझी होती. म्हणून पाच आठवडे उत्तर दिलं नाही.

एक शेवटचं. मनीषाला महिन्यापूर्वी म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात नर्सची नोकरी लागली; लग्नाआधी नाशिकला केलेला नर्सिंगचा कोर्स कामी आला. इथे राहायच्या परवानगीचे कागदही आता तिच्या स्वतःच्या नावावर आहेत. मी तिला राबवत नाही. सकाळचा चहा मी करते, आणि तो तिला पाणचट लागतो.

सावित्रीबाई


मखमलाबाद, २० सप्टेंबर २००४

विहीणबाई,

पत्र वाचून मी रडले नाय. आधी पितळेचा हंडा भिरकावला. मनीषाचा बाप बांधावर जाऊन बसला तो जेवायला आला नाय.

तुमचा पोरगा इंजिनिअर म्हणून आम्ही द्राक्षाच्या पेट्या वाहिल्या त्याच्या दारात. थूत असल्या शिक्षणाला. आमच्या यार्डातला हमाल बरा, ओझं खाली ठेवताना सांगून तरी ठेवतो. तुम्ही तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं शिकवली अन् घरातलं एक सुटलं.

मी अक्काबाईच्या ओटीवर जे बोलले ते बोलायला नको होतं. माफी मागणार नाय, कारण तुम्ही बी चार महिने लपवलं. अर्धी मागते. अर्धी तुम्ही मागा.

आता माझं ऐका. पोरीला घेऊन या. तुम्ही येतच हाय, त्याच विमानानं आणा. परक्या मुलखात एकटी बाई, ती बी सोडलेली, माझ्या जिवाला घोर लागलाय. मेंढरं अन् आंबट सफरचंद बघून पोट भरतं का? इथं घर हाय, मळा हाय.

अन् दुसरं. मंजुषाचा साखरपुडा २८ नोव्हेंबरला ठरलाय. पिंपळगावच्यांना ह्यातलं काय बी माहीत नाय. मोठीला नवऱ्यानं टाकली हे कळलं तर म्हणतील, पोरींतच खोट हाय, अन् धाकटीचं बी मोडेल. तोवर तोंडातनं अवाक्षर काढू नका. कुणी विचारलं तर सांगायचं, दोघांना रजा मिळाली नाय. आयुष्यात एवढं एक माझं ऐका.

चतुराबाई


हेरफर्ड, ६ ऑक्टोबर २००४

सौ. चतुराबाई विहीणबाई यांस नमस्कार.

अर्धी माफी पोहोचली. माझी अर्धी सोबत पाठवते. हिशेब मिटला असं समजू नका.

मनीषाला तुमचं पत्र दिलं. तिने दोन दिवस ते उशीखाली ठेवलं, मग मला सांगितलं, "आई, मला कुणी परत न्यायचं नाही. मी येईन तेव्हा माझी मी येईन." मी म्हटलं, या जिल्ह्यात काय ठेवलंय? तर म्हणाली, "आश्रमातले आजोबा माझी वाट बघत खिडकीत बसतात. आणि अजून पुस्तकातली अकरा पानं राहिलीत." मला तिचं पटत नाही. पण तिचा आवाज आता बरा झालाय, तुम्ही म्हणाला होता ना, आई आहे, कळतं. फोनवर ऐका. नवीन कार्ड घेतलंय, संपणार नाही.

परवा तिने मला माल्व्हर्नच्या डोंगरावर नेलं. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. चार ठिकाणी बसले, प्रत्येक ठिकाणी इंग्रजांना शिव्या दिल्या आणि वर पोहोचले. पश्चिमेला हा सगळा जिल्हा खाली पसरलेला दिसतो. चौकोनी शेतं, बागांच्या रांगा, मधून नदी आणि टोकाला वेल्सचे डोंगर. एका नजरेत नावं ठेवायला एवढी जागा मी आजवर पाहिली नव्हती. पण काय सांगू, तिथे मला एकही सुचलं नाही. बसून राहिले. मनीषाने थर्मासमधला चहा दिला. तो चांगला झाला होता, हे तिला सांगू नका.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचं. मी १ नोव्हेंबरला परत येते आहे. मंजुषाच्या साखरपुड्याला विहीण म्हणून माझा मान आहे आणि मी येणार आहे. कुणी विचारलं तर मी रजेचं खोटं बोलणार नाही. चार महिने लपवून पाहिलं. त्यात माझी पेटी गेली आणि तुमचं डोकं गेलं, लेकीचं काही भलं झालं नाही. मी बोलणार आहे, हे कळवते. परवानगी मागत नाही.

तुम्ही माझ्यावर रागावणार. रागवा.

सावित्रीबाई


मखमलाबाद, ३० नोव्हेंबर २००४

चि. मनीषाला आईचा आशीर्वाद.

इतके महिने तुझ्या सासूला लिहिलं, तुला एक बी पत्र नाय. फोन हाय म्हणून. पण हे फोनवर सांगण्याजोगं नाय, म्हणून बसले लिहायला. मंजुषा शेजारी बसून हसते हाय.

रविवारी साखरपुडा झाला. मांडवात दोनशे माणूस. तुझी सासू आली ती नवीन जरीचं लुगडं नेसून, नाकावर तोच चष्मा, अन् आल्याआल्या म्हणाली, मांडव वाकडा बांधलाय. मी म्हटलं, बसा, तुमच्या जिल्ह्यासारखा दिसावा म्हणून बांधलाय. मी सकाळपासून देवाला हात जोडत होते की हिचं तोंड बंद राहू दे.

पण व्हायचं ते झालंच. ऐन पुडा उघडायच्या वेळी पिंपळगावची नवसाबाई, नवऱ्या मुलाची आत्या, मोठ्यानं म्हणाली, "थोरली लेक-जावई कुठं दिसत नाय? धाकट्या बहिणीचा साखरपुडा अन् दोघं आले नाय?" सगळ्यांनी माना वळवल्या. अक्काबाई बी पुढंच बसली होती. मी तोंड उघडलं, रजा म्हणायला. शप्पथ सांगते, शब्द बाहेर आला नाय.

तेवढ्यात तुझी सासू उठली. वर्गात उभी राहते तशी. म्हणाली, "जावई कुठे आहे ते त्याच्या आईला विचारा. मी त्याची आई. माझा मुलगा सुनेला टाकून दुसरीकडे राहायला गेला. सुनेचं काही चुकलेलं नाही. मी सहा महिने तिच्याबरोबर राहिले, रोज खोड काढायला बसले होते, मला एक सापडली नाही. खोट माझ्या पोटची आहे. हे मी सांगते आहे, म्हणजे कुणाला मागून कुजबुजायचे कष्ट नकोत."

तुझा बाप खाली मान घालून उभा. नवसाबाई चाचरत म्हणाली, "पण मग आता पोर कुठं राहणार बाई? सोडलेल्या पोरीला..." पुढं तिला बोलूच दिलं नाय. तुझी सासू म्हणाली, "कुठे म्हणजे? कामाला आहे तिकडे. आणि आली की माझ्या घरी उतरेल. नाशिक रोडला तिची खोली मी रंगवून ठेवलीये. तो आला तर दार उघडायची नाही, ती आली तर दार लावायची नाही."

अन् माझं डोकंच फिरलं गं! मी मघापासून गप्प, पण हे कसं ऐकून घेऊ? मी म्हटलं, "तुमच्या घरी का म्हणून? तिचं माहेर मेलंय का? माझी पोर माझ्या घरी उतरेल!" ती म्हणाली, "सून माझी आहे." मी म्हटलं, "पोटची माझी हाय!" ती म्हणाली, "तुम्ही तिला मेथी निवडायला बसवाल." मी म्हटलं, "तुमचा पाणचट चहा पिऊन तिनं सहा महिने काढले तेवढे पुरे!" पुड्यातले पेढे हातात तसेच राहिले अन् आम्ही दोघी दोनशे माणसांपुढं तुझ्यावरनं भांडत होतो. नवसाबाई एकदा हिच्याकडं बघे, एकदा माझ्याकडं. जिला कुणी घरात घेणार नाय असं ती म्हणायला निघाली होती, तिच्यासाठी दोन घरं हमरीतुमरीवर आलेली.

शेवटी मंजुषाची सासू उठली अन् म्हणाली, "बायांनो, आधी पोरीला कुंकू लावू द्या. मुहूर्त टळतोय. भांडण जेवल्यावर करा." अन् लावलं कुंकू. मोडलं काय बी नाय.

जेवल्यावर परत जुंपली ती निराळी. तुझी सासू जाताना माझ्या हातात वीस फोटोंचं पाकीट देऊन गेली. बघितले मी. तू एकात बी नाय. त्या बाईला फोटो काढता येत नाय का? शिकवून ये तिला.

तिकडं राहा, नोकरी कर, मी आता ये म्हणणार नाय. पण मार्चात रजा मिळते असं तुझी सासू म्हणत होती. ती खोलीला फिका गुलाबी रंग लावून बसली हाय, अन् मी तुझ्या बापाला सांगून इथं न्हाणीघरात गिझर बसवलाय. तू कुणाकडं उतरणार ते लिही. घाई नाय. पण नीट विचार करून लिही.

तुझी,
आई